गोमाकाकांनी भिंतीत ठेवलेल्या वाटा

गोमाकाका, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी पाचवीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवत होते. तुमच्या सोमाचा फोन आला. "ताई, बाबा गेलं. खळ्यावर भात झोडत होतो आमी. बाबा म्हणालं जरा टेकतो, नि टेकलं ते टेकलंच." मुलं माझ्याकडे बघत होती. मी खडू खाली ठेवला. खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात एवढंच आलं, की रविवारी वाडीवर येऊन तुम्हाला जे सांगायचं होतं ते आता राहिलं.

ते आज लिहून सांगते. तुम्ही म्हणायचात, मला दोनच गोष्टी वाचता येतात, तारांचे रंग आणि खांबांवरचे आकडे. तरी लिहिते. दुसरं काय करू?

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कर्जतजवळ भिसेगावचं हे घर बांधायला घेतलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. खालचा मजला काळ्या दगडाचा, भिंती दीड फूट जाड. तुम्ही तेव्हा टेलिफोन खात्यात रोजंदारीवर खांब रोवायचात. रस्त्यावर खड्डा खणता खणता पाणी प्यायला आमच्या बांधकामावर आलात आणि तांब्या हातात तसाच धरून गवंड्याकडे बघत उभे राहिलात.

"मास्तर, फोनची नळी टाकली का भिंतीत?"

आप्पा हसले. फोनसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं थांबायची तो काळ, आणि आप्पांनी नावही नोंदवलेलं नव्हतं. "अरे गोमा, फोन येईपर्यंत ही पोरगी लग्नाची होईल."

"फोन येल तवा येल. भिंत तर आता होतेय."

पुढचे कितीतरी दिवस काम सुटल्यावर तुम्ही यायचात आणि दिवेलागणीपर्यंत नळ्या बसवायचात. खोल्या चार, नळ्या चार. प्रत्येक नळी स्वतंत्रपणे जिन्याखालच्या लाकडी पेटीपर्यंत आणलेली. आप्पांचं म्हणणं, एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नेली तर निम्म्या नळीत भागेल. तुम्ही ऐकलं नाहीत. "एका खोलीची वाट दुसरीच्या घरातनं नको, मास्तर. उद्या एक अडली तर सगळ्या अडतील." वळणावर तुम्ही बाजारातले काटकोनी तुकडे लावले नाहीत. प्लॅस्टिकच्या नळीत वाळू भरायची, निखाऱ्यावर धरायची आणि गुडघ्यावर घेऊन हळूहळू वाकवायची. मी शेजारी बसून बघायचे. चटका बसला की तुम्ही कानाची पाळी धरायचात. एवढ्या बारीक तारेला एवढी जाड नळी कशाला, यावरून आप्पा एकदा चांगलेच वैतागले, तर तुम्ही म्हणालात, "तार आज बारीक हाय."

हे वाक्य आप्पा पुढे पाहुण्यांना हसून सांगायचे. आम्ही सगळेच हसायचो.

फोन आला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तोवर तुम्ही खात्यात कायम झाला होतात, लाइनमन. त्या नळ्यांतून तुम्ही तारा अशा ओढल्यात, जसं कुणी सुईत दोरा ओवावा. काळा फोन जोडलात, कुणाशी तरी "हॅलो, गोमा बोलतो, टेस्टिंग" असं बोललात आणि मग रिसीव्हर माझ्या कानाला लावलात. आत नुसता घुंऽऽ असा आवाज. "ऐक बाय. लाइन जित्ती हाय."

त्याच फोनचा पुढे मला इतका राग आला, हे तुम्हाला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

लग्नानंतरही मी याच घरात राहिले. आप्पांची मी एकुलती एक, आणि प्रमोदची नोकरी कुंभिवलीच्या कारखान्यात, त्यालाही इथूनच बरं पडायचं. आमची रेवती दहा महिन्यांची होती. एका दुपारी ती फोनच्या मेजाखाली सतरंजीवर बसली होती, माझ्याकडे पाठ करून, लाकडी चमच्याशी खेळत. फोन वाजला. त्या फोनची घंटा दणदणीत. स्वयंपाकघरात मी दचकले. रेवतीची पाठ हललीसुद्धा नाही. मी दारात उभी राहून बघत राहिले. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. ती चमचा उलटासुलटा करून बघत होती. डॉक्टरांकडे आम्ही नंतर गेलो, तपासण्या नंतर झाल्या, पण मला त्या दुपारीच सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रिसीव्हर खाली काढून ठेवायला लागले. आप्पांनी तक्रार नोंदवली, तुम्ही आलात. "लाइन ठीक हाय गं. तुमीच रिसीव्हर काढून ठेवलाय." तुम्ही तो जागेवर ठेवलात आणि फाटकाबाहेर पडलात, की मी पुन्हा काढला. आप्पा गेल्यावर कनेक्शनच बंद करून टाकलं. जिन्याखालच्या पेटीसमोर मी गव्हाचा पत्र्याचा डबा लावला तो लावलाच.

रेवती आता एकोणीस वर्षांची आहे. ती हातांनी बोलते, आणि तिच्यामुळे प्रमोद आणि मीही. तिला मूकबधिर मुलांना शिकवायचं आहे. त्यासाठीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवायचा तर कॅमेऱ्यासमोर मुलाखत, आणि मग एक पाठ शिकवून दाखवायचा. समोरचे परीक्षक तिच्या हातांकडे बघणार, ती त्यांच्या. भाद्रपद सरत आला होता आणि मुलाखतीला नऊ दिवस उरले होते. सराव म्हणून तिच्या जुन्या शाळेतल्या बाई रोज तासभर पडद्यावर यायच्या. इंटरनेटचा डबा खाली दिवाणखान्यात, रेवतीची खोली वर, आणि मधे आप्पांचा दगड. चित्र सारखं थिजायचं. काका, बोलण्यात एखादं अक्षर गळलं तर अंदाज बांधता येतो. हातांचं बोलणं मधेच थिजलं की शब्द अर्धा राहत नाही, तो दुसराच होतो. एकदा बाईंनी विचारलेला प्रश्न तिला अर्धवटच दिसला, तिनं भलतंच उत्तर दिलं आणि बाईंचा चेहरा पडला. रेवतीनं लॅपटॉप मिटला आणि मला हातांनी सांगितलं, "त्यांना वाटतं, मला येत नाही."

खाली बसावं तर दार रस्त्यावरच. पाठीमागे माणसांची ये-जा आणि हातांवर उजेड नाही. शिळफाट्यावरून नेटवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, यावर इलाज एकच, वरपर्यंत वायर टाकायची. बाहेरून नेली तर माकडं ठेवणार नाहीत, आणि आतून न्यायची तर भिंत फोडावी लागेल. दगडाची भिंत, आठवडा जाईल. तेव्हा मला इतक्या वर्षांनी ती पेटी आठवली. मी गव्हाचा डबा सरकवला. त्यानं वरच्या खोलीची जुनी तार धरली आणि हिसडली. तार तुटून हातभर तुकडा त्याच्या हातात आला. "मॅडम, हे सगळं गंजलंय. सोडून द्या."

तो गेल्यावर मी तशीच तुमच्या वाडीकडे निघाले. रस्ता संपतो तिथून चढून येईपर्यंत धाप लागली होती. तुम्ही ओट्यावर बसून कोयत्याची मूठ बसवत होतात. किती वर्षांनी भेटत होते मी! तुमचे केस पांढरे झालेले, एक गुडघा वाकत नव्हता. मी सांगत गेले, तुम्ही मान न उचलता ऐकत होतात. शेवटी एकच विचारलंत.

"वरच्या खोलीच्या नळीला तार तुटली ती खालनं का वरनं?"

"खालून."

"मग नळी शाबूत हाय. गंजती ती तार. नळी कशी गंजंल? उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शेअर रिक्षातून उतरलात, खांद्यावर तीच खाकी पिशवी. मी आणलेल्या नव्या वायरीचं भेंडोळं हातात घेतलंत, चाकूनं वरचं साल काढलंत आणि तुमचा चेहरा असा झाला, जसा भर बाजारात गावाकडचं माणूस भेटल्यावर होतो.

"अगं, या तर जोड्या! निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. आमच्या केबलीतबी हेच पयले चार रंग. नि पीळबी हाय बघ." तुम्ही नखानं पीळ मोजायला लागलात. "दोन तारा नुसत्या शेजारी ठेवल्या ना बाय, तर शेजारच्या जोडीचं बोलणं हिच्यात उतरतं. पीळ दिला की ज्याचं त्याच्यापाशी रातं. आन् बघ, हिचा पीळ घट्ट, तिचा सैल. चारी निराळ्या. कुनी केलं गं हे? लई शाना मानूस असंल."

मी इतकी वर्षं विज्ञान शिकवते. त्या वायरीतून काय जातं हे मला पुस्तकातलं माहीत होतं. पण ती इतक्या प्रेमानं कुणी वाचू शकतं, हे त्या दिवशी बघितलं. तुमच्या भिंगाच्या चष्म्यामागचे ते डोळे मला अजून दिसतात.

खालच्या तिन्ही खोल्या दुपारच्या आत झाल्या. जुन्या तारेच्या टोकाला नवी वायर बांधायची, गाठीवर साबण चोळायचा, एका बाजूनं ओढायचं, दुसऱ्या बाजूनं सोडायचं. मी जीव मुठीत धरून ओढत होते. मला वाटत होतं, आता अडेल, आता अडेल. कुठेच अडली नाही. दगडाच्या पोटातून, जिन्याच्या वळणातून, मला दिसतही नव्हतं अशा ठिकाणांहून वायर आपल्या घरी यावी तशी येत राहिली. नळी जाडच लागणार होती. वळणं गोलच लागणार होती. प्रत्येक खोलीची वाट वेगळीच लागणार होती. काका, तेव्हा राहिलं ते आता सांगते. कर्जतमध्ये धड फोन नव्हते, तेव्हा रस्त्यावर खड्डे खणणाऱ्या एका माणसानं, त्याला नावही माहीत नव्हतं अशा एका गोष्टीसाठी आमच्या भिंतीत जागा करून ठेवली होती.

टोकं जोडायला बसलो तेव्हा मात्र तुम्ही अडलात. वायर देताना नेटवाल्यानं रंगांचा क्रम कागदावर लिहून दिला होता. नारिंगीची जोडी शेजारीशेजारी, तपकिरीची शेजारीशेजारी, पण हिरव्याच्या दोन तारा फाकवून त्यांच्या मधे निळ्याची जोडी. तुम्हाला ते अजिबात पटेना.

"हिरव्याचा संसार का मोडला? मधी निळा कशाला घुसवला?"

"नियमच तसा आहे, काका."

"नियम केला तो कायतरी कारणानंच केला असंल. कारण सांग."

मी "शोधून सांगते" म्हणाले. तुम्ही जोडलंत कागदाप्रमाणेच, पण दर वेळी हिरवी तार फाकवताना चुकचुकलात.

जेवताना मी तुम्हाला ती फोन वाजल्याची दुपार सांगितली. रिसीव्हर का काढून ठेवायची तेही. तुम्ही घास परत ताटात ठेवलात. "मला तवा बोलायचं ना गं," एवढंच म्हणालात. रेवती समोर बसून भाकरी मोडत होती, तिच्याकडे बराच वेळ बघत राहिलात.

दुसऱ्या दिवशी वरची खोली. तुटलेली तार ओढून काढली, आता नळीत धरायला काहीच नव्हतं. नळीत सारायची तुमची पोलादी पट्टी दुसऱ्या वळणापर्यंत गेली आणि अडखळली. तुम्ही खाली पेटीपाशी, रेवती वर, मी जिन्यात मधोमध, दोघांचे निरोप पोचवायला. "वर सांग, हात लाव तोंडाला," तुम्ही म्हणालात. मी हातांनी सांगितलं. रेवतीनं नळीच्या तोंडाला तळवा लावला, मग हात काढून गाल लावला. तुम्ही खाली वाकून, ओठ नळीला लावून, छाती रिकामी होईपर्यंत फुंकलंत.

रेवतीचे डोळे मोठे झाले. तिनं गालाला हात लावला आणि माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी सांगितलं, "आला. वारा आला."

"पोचला?" तुम्ही खालून विचारलंत.

"पोचला, काका."

"मग वाट उघडी हाय." तुम्ही धापा टाकत हसलात. मी जिन्यात कठड्याला धरून उभी होते. तुमचा श्वास दीड फूट दगडातून वर चढून माझ्या मुलीच्या गालापर्यंत गेला होता. असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पुढची युक्ती रेवतीची. तिनं माळ्यावरून व्हॅक्यूम क्लीनर काढला, कापसाच्या बोळ्याला शिवणाचा दोरा बांधून तो तुमच्या हातात दिला, आणि वर जाऊन नळीला यंत्राचं तोंड लावलं. खालून तुम्ही बोळा सोडलात. रीळ तुमच्या बोटांत गरगरा फिरायला लागलं. यंत्र थांबलं तेव्हा कापूस वर पोचला होता. दोऱ्यामागून सुतळी, सुतळीमागून वायर. आणि तेव्हा तुम्ही मला जिन्यातून बाजूला व्हायला सांगितलंत. "तू नको मधी. आमचं आमी बगतो." एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ, हे तुमचं दोघांचं कधी ठरलं ते मला कळलंच नाही. खात्यातली तुमची माणसं एकमेकांना ओरडून सांगायची. इथे एक शब्द न होता वायर सरसर वर जात होती, आणि तुम्ही पेटीपाशी बसून मान हलवत होतात, कुणाचं तरी बोलणं पटावं तशी.

पेटीत चारी वायरी एकत्र जोडणारा छोटा डबा बसवला, टोकं खोचली, हिरवा दिवा लुकलुकायला लागला. तुम्ही कान जवळ नेलात. "याला घुंऽऽ नाय?" नाही म्हटल्यावर जरासे हिरमुसलात. मग वर आलो. बाई पडद्यावर होत्या. रेवतीचे हात चालत होते, बाईंचे हात चालत होते, काहीही थिजत नव्हतं, काहीही तुटत नव्हतं. त्या बोलत बोलत हसायला लागल्या, कशावर तरी दोघींचं भांडण झालं, पुन्हा हसल्या. तुम्ही दारात उभे होतात. किती वेळानं कोण जाणे, पण टोपी काढून हातात घेतलीत.

"इतकं बोलते ही?"

"याहून जास्त बोलते."

तास संपल्यावर तुम्ही रेवतीला खुणेनं विचारलंत, पाण्याला काय म्हणायचं? तिनं दाखवलं. भुकेला? भाताला? ये म्हणायला? तिनं दाखवलं, तुमची बोटं धरून नीट करून दिली. मग पायरीवर चहा पीत बसलो तेव्हा तुम्ही सांगितलंत. सोमाच्या मुलाची मुलगी, जाई, पाच वर्षांची. हाक मारली तर वळत नाही. बोलत नाही. डोक्यानं चलाख आहे, बकऱ्या बरोबर घरी आणते.

मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मला तर शब्द न् शब्द आठवतो. "पाच वर्षं, काका? पाच वर्षं करत काय होता तुम्ही लोक? कुणाला दाखवलं नाहीत? तिची शिकायची वर्षं वाया घालवलीत!" मी शाळेत पालकांना झापते तसं तुम्हाला झापलं. तुम्ही लोक, असंही म्हणाले.

तुम्ही कप खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत. "बाय, पोर खुशीत हाय म्हनून वाटलं, देवानं तसंच दिलंय. तुझ्या लेकीला बघंपर्यंत मला म्हाईतच नवतं, की असंबी बोलता येतं." मग गुडघ्यावर हात देऊन उठलात, पिशवी उचललीत. मी रिक्षापर्यंत आले आणि तशीच परत फिरले. रागात नव्हते. लाज वाटत होती. रेवती दहा महिन्यांची असताना मी काय केलं होतं? फोनचा रिसीव्हर काढून ठेवला होता. दुसरं काय?

मुलाखत छान झाली. एकदाही चित्र अडलं नाही. मी रोज म्हणत होते, वाडीवर जायला हवं, माफी मागायला हवी. शाळेची तपासणी आली, प्रमोदची पाळी बदलली, दिवाळी गेली. कारणं होती, खरं म्हणजे तोंड नव्हतं. मग एका बुधवारी निकाल आला, रेवतीला प्रवेश मिळाला. ठरवलं, रविवारी दोघी जाऊ. शुक्रवारी सोमाचा फोन आला.

तुम्ही विचारलेलं कारण मी परवा शोधलं, काका. ते लाजेनं शोधलं म्हणा. ऐका. ही नवी जोडणी ठरवली तेव्हा घराघरात टेलिफोन होते, आणि टेलिफोनची पहिली जोडी म्हणजे निळी, ती प्लगच्या ऐन मध्यावर असायची. फोन याच खोबणीत लावला तरी चालावा, म्हणून त्यांनी मधली जागा तशीच ठेवली आणि हिरव्याला तिच्या दोन बाजूंना बसवलं. हिरव्याचा संसार मोडला नव्हता, त्यानं पाहुण्याला मधे जागा दिली होती. तुमच्या फोनला. वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं "काका!" म्हणाले. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणाला असतात, बघ, मी बोललो नवतो, कायतरी कारण असंल म्हनून!

बाराव्याला आम्ही दोघी वाडीवर आलो. तुमच्या सुनेनं, देवकीनं, मला घरात बसवलं. मी तिच्याकडे माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच उठून फळीवरचा एक घडी घातलेला कागद घेऊन आली. सरकारी दवाखान्याचा. जाईच्या कानांची तपासणी, तारीख पुढच्या आठवड्याची. "तुमच्या घरनं आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा दवाखान्यात गेलं होतं. म्हनलं, मास्तरच्या पोरीनं कान उपटलं माझं, बरं केलं." ती हसत सांगत होती आणि मला कागदावरचं दिसेनासं झालं. मी दोन महिने तुमच्या रागाला घाबरत होते, आणि तुम्ही त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी रांगेत जाऊन उभे होतात.

जाई दाराआडून रेवतीकडे बघत होती. रेवती खाली बसली, तिच्या उंचीला आली, आणि तिनं नुसतं "ये" केलं. जाईनं देवकीकडे बघितलं, पुन्हा रेवतीकडे. मग तिनं हात वर केला आणि पाण्याची खूण केली. थोडी वाकडी, तुमच्या जाड बोटांकडून शिकलेली, पण पाणीच. मग भात. मग भूक. एकामागून एक, घाईघाईनं, जसं कुणी कधीपासून दाबून ठेवलेलं सांगावं. रेवतीनं माझ्याकडे वळून बघितलं. ती रडत होती आणि हातांनी उत्तरं देत होती.

दवाखान्यात मी जाईबरोबर जाणार आहे. कान कितपत साथ देतील ते डॉक्टर सांगतील. पण रेवतीनं त्यांची वाट बघितली नाही. मागच्या रविवारी ती एकटीच वाडीवर गेली, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशिवाय इतक्या लांब. संध्याकाळी परत आली ती पाय धुळीनं माखलेले, केसांत गवत. जेवायलाही बसेना, हातांनी सांगतच सुटली. जाईला तिनं किती शब्द दिले, जाईनं बकऱ्यांची नावं कशी सांगितली, प्रत्येकीची वेगळी खूण, स्वतःच बनवलेली.

मग तिनं विचारलं, आई, काकांचं नाव काय आहे माहीत आहे? जाईनं ठेवलेलं?

देवकीनं तिला करून दाखवलं, की तुम्ही घरी आलात की उंबऱ्याबाहेर जमिनीवर टाच आपटायचात, दोनदा. सारवलेल्या भुईतून ते जाईच्या तळव्यांना कळायचं आणि ती कुठेही असली तरी वळून धावत यायची. कुणी शिकवलं नव्हतं तुम्हाला. तुम्हीच ती वाट शोधली होतीत.

रेवती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. तिनं टाच दोनदा फरशीवर आपटली, आणि जाई बघते तशी, दाराकडे बघितलं.